मोडीत सापडलेले पहिल्या महायुद्धाचे पदक: कडेवरच्या नावापासून त्या सैनिकापर्यंत कसे पोहोचावे?

कराडचा नाणेसंग्राहक

नमस्कार. मी गेली काही वर्षे संस्थानी नाणी जमवतो आहे. पदकांच्या वाटेला मात्र यापूर्वी कधी गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका सराफांकडे बसलो असताना मोडीत आलेल्या चांदीच्या ढिगात, तुटके पैंजण, जोडवी आणि लहान मुलाचे एक वाळे यांच्यामध्ये एक काळवंडलेले गोल पदक दिसले. दुसऱ्या दिवशी ती सगळी मोड आटणीला जाणार होती. मी ते पदक चांदीच्या भावाने विकत घेतले आणि घरी येऊन भिंगाखाली धरले.

पदकाच्या एका बाजूला पाचव्या जॉर्ज राजाचा डावीकडे पाहणारा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक विवस्त्र पुरुष आहे आणि त्याच्या दोन बाजूंना १९१४ आणि १९१८ ही साले आहेत. पदक टांगण्याची मूळ आडवी पट्टी कुणीतरी कापून टाकली असून त्या जागी डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, चांदीची साधी गोल कडी बसवलेली आहे. फीत अर्थातच नाही. घोडेस्वाराची बाजू अगदी गुळगुळीत झाली आहे, राजाच्या चेहऱ्यावरचे केस मात्र अजून मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. कडेवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक क्रमांक, ‘सिपॉय’ हा हुद्दा, एक मराठी नाव आणि शेवटी ‘११० मराठा एल. आय.’ (लाइट इन्फंट्री) असे उमटलेले आहे. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक वाचता येतात. सुरुवातीच्या अंकांवर डाख ओघळला आहे. त्या सैनिकाचे नाव मी येथे जाणूनबुजून लिहीत नाही, कारण त्याचे कोणी वारस असतील तर त्यांना ते माझ्याकडून समक्ष कळावे, जालावरून नव्हे, असे मला वाटते.

त्याच मोडीबरोबर पितळेचा एक बिल्लाही आला होता. सराफांनी तो तसाच देऊन टाकला. त्यावर एक उंच स्तंभ आहे आणि खाली ‘महार’ हा शब्द आहे. दोन्ही वस्तू एकाच घरातून आल्या असाव्यात असे सराफ म्हणाले, पण मोड कोणी आणून दिली हे त्यांना आठवत नाही.

मला विचारायचे आहे ते असे. हे पदक आणि हा बिल्ला एकाच माणसाचा असू शकतो का? हा सैनिक कोण होता, कोठे लढला आणि परत आला की नाही, हे शोधण्याचा काही मार्ग आहे का? आमचे सोनार ती कडी उतरवून पदक पॉलिश करून देतो म्हणत आहेत, ते करून घ्यावे का? आणि शेवटचे, जे मला सर्वांत अधिक सतावते आहे: वारस सापडलेच तर या पदकावर माझा हक्क उरतो का?

पदकांचा जुना संग्राहक, पुणे

आपण ते पदक आटणीच्या आदल्या दिवशी वाचवलेत, याबद्दल आधी मनापासून आभार. मी तीस वर्षे जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून आणि खेड्यापाड्यांतल्या भांडेवाल्यांकडून पदके गोळा करत आलो आहे, आणि मला मिळालेल्या प्रत्येक पदकामागे किती पदके मुशीत गेली असतील या विचाराने अजूनही झोप उडते.

आपल्याकडे आहे ते ब्रिटिश वॉर मेडल. हे चांगल्या प्रतीच्या चांदीचे असते आणि त्याचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. मजूर पलटणींतील लोकांना हेच पदक काशाचे दिले गेले, त्यामुळे कुणाला काशाचे सापडले तर ते नकली समजून फेकू नये. चांदीचे असणे हाच या पदकाचा शत्रू ठरला. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा खुद्द इंग्लंडातही ही पदके पोत्यांनी वितळवली गेली. आपल्याकडे तर त्यासाठी भाव भडकण्याचीही वाट पाहावी लागली नाही, घरातले एखादे लग्न पुरेसे होते.

या पदकाची जोडी व्हिक्टरी मेडल नावाच्या काशाच्या पदकाशी असते, ज्याच्यावर पंख असलेली विजयदेवता असते आणि ज्याची फीत दोन इंद्रधनुष्ये शेजारी ठेवावीत तशी दिसते. सैनिक १९१५ संपण्यापूर्वी रणभूमीवर पोहोचला असेल तर त्याला १९१४-१५ स्टार हे चांदणीच्या आकाराचे तिसरे पदकही मिळाले असणार. ज्या घरातून चांदीचे पदक मोडीत गेले, त्या घरात ही दोन काशाची पदके कवडीमोलाची म्हणून एखाद्या डब्यात अजून पडून असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा सराफांना मोड आणणाऱ्याचा गाव तरी आठवतो का, हे पुन्हा विचारा. एकाच माणसाची पदके फुटून चार ठिकाणी गेली की त्यांतले प्रत्येक पदक अर्धे मुके होते.

नाव खरे आहे की नंतर घातलेले, हे आधी ठरवावे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवरची नावे पंचाने ठोकलेली असतात, त्यामुळे भिंगातून पाहिले तर अक्षराचा तळ सपाट दिसतो आणि कडांना धातू किंचित दबून वर आलेला असतो. सुईने कोरलेल्या अक्षराला निमुळती चर असते आणि तिच्या टोकाला हत्यार उचलल्याची खूण राहते. एखाद्याने जुने नाव घासून नवे घातले असेल तर कड त्या भागात खाली गेलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार दिशांनी व्यास मोजला की ते उघड होते. साच्यात ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती ३६ मिलिमीटरला पुरत नाही आणि तिच्या पृष्ठभागावर वाळूसारखे बारीक दाणे किंवा बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. सराफाच्या मोडीतून आलेल्या पदकाची नक्कल कोणी करत बसलेले नसते, तरीही ही तपासणी हाताला लावून घ्यावी, कारण पुढचे पदक आपण व्यापाऱ्याकडून घ्याल.

बिल्ल्याचे उत्तर सोपे आहे: तो या सैनिकाचा नव्हे. त्यावरचा स्तंभ हा कोरेगाव भीमा येथील जयस्तंभ आहे. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली आणि तिच्या सुरुवातीच्या मानचिन्हावर हा स्तंभ होता; पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर विकर्स मशीनगनची जोडी आली आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. पहिल्या महायुद्धातही १११ महार नावाची पलटण १९१७ मध्ये उभारली गेली होती आणि १९२१ मध्ये मोडली गेली, पण आपण सांगता तो बिल्ला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला दिसतो. म्हणजे या दोन वस्तूंमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे. त्या एकाच घरातल्या असू शकतील, एकाच माणसाच्या असणे अवघड आहे. बिल्ल्यावर नाव नसते, म्हणून त्याला कोणाशीही जोडण्याचा मोह टाळावा. मात्र तो ओतीव आहे म्हणून लगेच नकली ठरवू नका. आपल्या पलटणींचे कितीतरी अस्सल बिल्ले स्थानिक ओतकाम करणाऱ्यांनीच केलेले असत.

आता सैनिकाबद्दल. ११० मराठा लाइट इन्फंट्री ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली पलटण. तिने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या काठाने वर चढाई केली, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ती लढली आणि माघारी येऊन कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. बाहेरून आलेल्या फौजा तो फोडू शकल्या नाहीत, आतले धान्य संपले, घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली आणि शेवटी डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली. सुमारे १३,००० लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतल्या साध्या शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून बगदाद, मोसूल आणि तेथून पुढे रास अल-ऐनपर्यंत चालवत नेले आणि रेल्वेच्या कामाला जुंपले. फार लोक वाटेतच गेले.

परंतु पदकावर ११० हा आकडा आहे म्हणून हा सैनिक कुतच्या वेढ्यात होता, असे म्हणता येत नाही. पलटण कैदेत गेल्यावर मागे राहिलेल्या, जखमी होऊन हिंदुस्थानात परत आलेल्या आणि नव्याने भरती झालेल्या लोकांतून तीच पलटण पुन्हा उभी केली गेली. १९१८ मध्ये भरती झालेला रंगरूटही हेच पदक, याच आकड्यासह मिळवू शकतो. पदक विकणारे लोक हा फरक सांगत नाहीत, कारण ‘कुतचा सैनिक’ म्हटले की किंमत वाढते. १९१४-१५ स्टार सापडला तर आपला शोध निम्मा सोपा होईल, म्हणूनही त्या डब्याची चौकशी करा.

लंडनमधला मराठी वाचक

मी येथे नोकरीनिमित्त राहतो आणि सुट्टीच्या दिवशी लंडनच्या किऊ भागातील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मराठा पलटणींची कागदपत्रे वाचत बसतो, म्हणून कागदांबद्दल लिहितो.

कराडकरांनी सर्वप्रथम, महायुद्धांतील मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. तेथे नाव, पलटण आणि सेवाक्रमांक यांवरून शोधता येते. सैनिक युद्धात मृत्यू पावला असेल तर त्याची नोंद तेथे मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा हे सारे दिलेले असते. नाव शोधताना इंग्रजी लेखनाच्या सर्व शक्यता वापराव्यात. त्या काळचे कारकून ‘जाधव’ हे ‘जाधाव’ किंवा ‘जाधो’सारखे लिहीत, ‘पवार’ हे ‘पोवार’ होई, आणि कितीतरी ठिकाणी आडनाव न लिहिता माणसाचे आणि त्याच्या बापाचे नाव एवढेच लिहिलेले सापडते. क्रमांक हाच खरा आधार, पण तोही पलटणीपुरताच वेगळा असे. दुसऱ्या पलटणीत तोच क्रमांक दुसऱ्याचा असू शकतो. म्हणून नाव, क्रमांक आणि पलटण या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ असे म्हणू नये.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडत नाही अशांची नावे बसरा स्मारकावर आहेत. ही संख्या ४०,००० हून अधिक आहे. एक गोष्ट येथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९२९ मध्ये त्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली, परंतु साध्या भारतीय शिपायांचा उल्लेख प्रत्येक पलटणीपुढे केवळ संख्येने केला गेला. कोकणातून आणि घाटावरून बसऱ्याला गेलेला आपला माणूस तेथे दगडावर एक आकडा आहे. कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाचा जाहीर अहवाल काढला आणि माफी मागितली. नावे आता संकेतस्थळावर शोधता येतात. पण विचार करा: ज्याचे नाव दगडावर आले नाही, त्याचे नाव धातूवर ठोकलेले अशी कदाचित एकच वस्तू जगात आहे, आणि ती कराडच्या सराफाच्या तराजूत होती.

किऊ येथील पदकांची अनुक्रमपत्रे, म्हणजे कोणाला कोणते पदक मिळाले याची कार्डे, प्रामुख्याने ब्रिटिश फौजेची आहेत. भारतीय शिपायांची पत्रे तेथे थोडीच आहेत, तेव्हा तेथे नाव न सापडल्यास खचून जाऊ नये. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या मात्र तेथे आहेत. त्यांत शिपायांची नावे क्वचितच येतात, पण कोणत्या दिवशी पलटण कोठे होती, किती लोक पडले, पाणी किती मिळाले, हे सर्व येते. पहिल्या महायुद्धातील कैद्यांची पत्रे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने जालावर ठेवली आहेत, तीही चाळावीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या पाहता येते. पंजाबच्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदवह्या काही वर्षांपूर्वी जालावर आल्या आणि तेथील घराघरांत लोकांनी आपले पणजोबा शोधले. तेवढे काम महाराष्ट्रासाठी झाले तर आपल्याला असे एकेका पदकामागे धावावे लागणार नाही.

एक सावधगिरीची सूचना. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. येथील लिलावगृहांत मराठा पलटणींची पदके नियमित विकली जातात, ती बहुतेक पूर्वीच बाहेर आलेली असतात. आपण मात्र कोणाच्याही आग्रहाला बळी पडून ते पदक टपालाने परदेशी पाठवू नये.

संग्रहालयातील वस्तुसंवर्धक, मुंबई

सोनारांना कृपया नाही म्हणा. पॉलिश केल्याने दरवेळी चांदीचा एक पातळ थर निघून जातो आणि सर्वांत आधी पुसट होतात ती कडेवरची अक्षरे. आपल्या घरांतून चांदी रांगोळीने किंवा विभूतीने आणि पितळ चिंचेने घासण्याची जी पद्धत आहे, तिने देवाची भांडी उजळतात, पण पदक मात्र कायमचे बिघडते. काळा थर हा चांदीवरचा गंज नसून सल्फाइडचा पातळ पापुद्रा आहे. तो असू द्यावा. मऊ, धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाने धूळ टिपली तरी पुष्कळ झाले. पदक रबरबँडने बांधू नये आणि लोकरीच्या कापडात गुंडाळू नये, कारण दोन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाण्यांच्या अल्बमची मऊ प्लॅस्टिकची पाकिटे पीव्हीसीची असतात आणि त्यांमुळे तांबे असलेल्या धातूवर हिरवा चिकट थर धरतो. पितळी बिल्ला त्यात मुळीच ठेवू नका. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवले की झाले.

डाखाखालचे अंक वाचण्यासाठी डाख काढण्याची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत पदक उभे धरून एका बाजूने अगदी सपाट प्रकाश टाका आणि पदक थोडे थोडे फिरवत कडेची दहा-बारा छायाचित्रे घ्या. डाख पातळ असेल तर अक्षराचा दबाव त्याच्या पृष्ठभागावरही सावलीने जाणवतो. मोबाइलची विजेरीसुद्धा या कामाला पुरते, फक्त ती समोरून धरू नये.

कडीबद्दल माझे मत अनेक संग्राहकांच्या मताहून वेगळे आहे, तरीही ते लिहिते. ती कडी काढू नये. आपण लिहिले आहे की घोडेस्वाराची बाजू गुळगुळीत झाली आहे आणि राजाचा चेहरा शाबूत आहे. टेबलावर किंवा पेटीत पडलेले पदक दोन्ही बाजूंनी सारखे झिजते. एकाच बाजूची अशी झीज ते वर्षानुवर्षे अंगाला घासत राहिल्यावर होते. हे पदक कुणीतरी राजाचे चित्र बाहेर ठेवून, पुतळीसारखे, काळ्या दोऱ्यात किंवा माळेत ओवून गळ्यात घातले आहे, आणि ते वर्ष-दोन वर्षे नव्हे. खेड्यात असे पदक गळ्यात घालणारी बहुधा त्या सैनिकाची बायको, आई किंवा लेक असते. सैनिकाचा इतिहास त्याच्या पलटणीच्या दैनंदिनीत संपत नाही. पट्टी कापून कडी बसवणाऱ्या सोनाराने पदकाचे रूप बिघडवले हे खरे, पण ती बिघडलेली खूणच सांगते आहे की घरी त्याची आठवण कोणी आणि कशी बाळगली. नवी पट्टी लावून ते बाजारात मिळते तसे केले तर हा पुरावा नाहीसा होईल.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षे काढली. ताईंचे कडीबद्दलचे म्हणणे वाचून थोडा वेळ थांबलो, कारण आमच्याकडे पदक हे छातीवरचे, गळ्यातले नव्हे, असेच आम्हाला शिकवलेले असते. पण त्यांचे म्हणणे पटले. ती कडी तशीच राहू द्या.

१९२२ मध्ये फौजेची पुनर्रचना झाली तेव्हा १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. म्हणजे कराडच्या बंधूंच्या शिपायाची ११० ही पुढे तिसरी बटालियन झाली. याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात आलेल्या वीरमरणानंतर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश फौजेतला शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. रायगडातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. कुतच्या वाळवंटातून इटलीच्या डोंगरापर्यंत पलटण तीच, म्हणून तुमच्या हातातल्या त्या चांदीच्या तुकड्याचे नाते फार लांबपर्यंत जाते.

माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याने कोणाचे तरी घर सावध होईल. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटलीत होते. त्यांची पाच पदके एका पट्टीवर ओळीने लावलेली होती. त्यांच्यानंतर शेती, घर आणि भांडी यांची वाटणी झाली त्या दिवशी एका वडीलधाऱ्याने सुचवले की पदकेही भावांत सारखी वाटावीत म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही. आम्ही चौघे भाऊ. आफ्रिका स्टार थोरल्याकडे गेला, इटली स्टार माझ्याकडे आला, वॉर मेडल तिसऱ्याकडे, आणि १९३९-४५ स्टार व हिंदुस्थानच्या नकाशाचे इंडिया सर्व्हिस मेडल धाकट्याकडे. त्या वेळी ते न्यायाचे वाटले. आज दोन पदकांचा पत्ता नाही. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदके बिननावाची दिली गेली, पण आपल्या लोकांच्या पदकांवर क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते, म्हणून मी अजूनही जेथे जुनी पदके दिसतात तेथे ती उलटून वडिलांचा क्रमांक पाहतो. पदकांची वाटणी कधी करू नका. एकाकडे ठेवा, इतरांनी छायाचित्र घ्यावे.

शोधासाठी माझी सूचना अशी की कागदांइतकेच गावांवर विसंबावे. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या अनेक गावांत चावडीवर किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी असते: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच लोक ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात. पाटीवर नावे नसतात, संख्या असते, पण गाव नक्की झाले की माणसे बोलू लागतात. घरात गेल्यावर तीन वस्तू विचारा. पेन्शनचे जुने कागद, जे बऱ्याचदा मोडी लिपीत असतात आणि घरच्यांना वाचता येत नाहीत, डिस्चार्ज सर्टिफिकेट, आणि पितळी ताटलीसारखी दिसणारी, सिंह आणि स्त्रीचे चित्र असलेली काशाची मोठी चकती. ती चकती युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवली जात असे आणि तिच्यावर हुद्दा किंवा पलटण नसते, फक्त नाव असते. ती असेल तर तो परत आला नाही, हे समजावे.

हक्काबद्दल तुम्ही विचारले. तुम्ही पैसे देऊन घेतले, चोरी केली नाही. तरीही वारस मिळाले आणि त्यांना पदक हवे असले, तर माझ्या मते ते त्यांना द्यावे, आणि चांदीचे पैसेही मागू नयेत.

पदकांचा जुना संग्राहक, पुणे

सुभेदारसाहेबांच्या भावनेचा मी पूर्ण आदर करतो, पण या एका मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. मी आजवर चार पदके शोधून-शोधून घरी परत दिली. त्यांतल्या दोन घरांत ती आज देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लावलेली आहेत आणि त्या घरी मला सोयऱ्यासारखे बोलावले जाते. तिसऱ्या घरी ते पदक वर्षभरात पुन्हा सराफाकडे गेले, आणि चौथ्याचे काय झाले ते घरच्यांनाच सांगता आले नाही. म्हणून आता मी आधी त्या घराला पदकाची छायाचित्रे आणि सापडलेली सर्व माहिती मराठीत लिहून देतो, दोन-तीन वेळा जातो, आणि ते नाव तेथे कुणाला खरोखर हवे आहे का हे पाहतो. ते हवे असेल तर पदक द्यायला क्षणाचाही उशीर करत नाही. त्यांना केवळ चांदी दिसत असेल, तर पदक माझ्याकडे ठेवून त्याची माहिती मात्र त्यांना देतो. नावाची राखण होणे महत्त्वाचे आहे, ते कोणत्या कपाटात होते ते त्यानंतर येते.

कराडचा नाणेसंग्राहक

सर्वांचे मनापासून आभार. कडी तशीच ठेवली आहे आणि सोनारांना नाही म्हणून कळवले आहे.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री दिवे बंद करून विजेरी आडवी धरली आणि कडेची चौदा छायाचित्रे घेतली. डाखाखाली पहिला अंक २ आहे हे तीन छायाचित्रांत स्वच्छ दिसते. दुसरा १ आहे की ४, हे अजून ठरत नाही. अक्षरांचे तळ सपाट आहेत आणि व्यास चार दिशांनी मोजला तो ३६ मिलिमीटरच भरला, फक्त कडीजवळ कानस फिरल्याने थोडा कमी आहे.

कमिशनच्या संकेतस्थळावर त्या नावाचे आणि पलटणीचे दोन शिपाई मिळाले. एकाचा क्रमांक पूर्णच वेगळा आहे. दुसऱ्याच्या क्रमांकातला पहिला अंक आणि शेवटचे दोन जुळतात, दुसरा अंक ४ आहे. त्याची नोंद बसरा स्मारकावर आहे, मृत्यू १९१६ च्या ऑगस्टमधला आहे, म्हणजे शरणागतीनंतर चार महिन्यांनी. नोंदीत बायकोचे नाव आणि गाव आहे. ते गाव माझ्या घरापासून मोटारसायकलने तासाभराच्या अंतरावर आहे आणि त्या गावावरून मी कितीदा तरी गेलो आहे. डाखाखाली १ निघाला तर हा तो नव्हे, हे मला समजते, म्हणून अजून कोणाला काही बोललेलो नाही. तरीही त्या बाईंचे नाव वाचल्यापासून पदकाची ती झिजलेली बाजू सारखी डोळ्यांपुढे येते. येत्या रविवारी छायाचित्रे घेऊन गावात जाऊन यावे असा विचार आहे.

निवृत्त सुभेदार, बेळगाव

पदक घरीच ठेवून छायाचित्रे नेणार आहात, ते योग्यच आहे. रविवारी मात्र जाऊ नका. त्या भागातली निम्मी घरे मुंबईला असतात आणि गावात एक-दोन म्हातारी माणसे सोडली तर कोणी भेटणार नाही. ग्रामदैवताची यात्रा कधी आहे ते विचारा आणि यात्रेच्या आदल्या दिवशी जा, तेव्हा सगळी भावकी एकत्र असते. सरपंचांकडे जाण्याआधी गुरवाकडे जा, घराण्यांच्या पिढ्या त्याच्या तोंडी असतात. आणि पहिल्या भेटीत सैनिकाचे नाव घेऊ नका, त्या बाईंचे घ्या. बसऱ्याला गेलेला माणूस कदाचित कोणाला आठवणार नाही, पण राजाचा बिल्ला गळ्यात घालणारी आजी कुणीतरी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली असेल.